जुन्या जीपची निगा

बेळगावच्या दक्षिणेस खानापूर तालुका लागतो आणि तेथून जांबोटी-कणकुंबीकडे वळले की सह्याद्रीचे रान दाट होत जाते. एका अंगाला कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड, पलीकडे घाट उतरला की गोव्यातील सत्तरी. तांबडी जांभ्याची माती, चार महिने कोसळणारा पाऊस आणि ओढ्यानाल्यांनी जागोजाग अडविलेल्या वाटा, असा हा सारा टापू आहे. येथील एखाद्या घराच्या अंगणात फणसाच्या सावलीला जुनी जीप अजूनही उभी दिसते. भाताची पोती, काजूच्या बिया, खताच्या गोण्या, लग्नाचे वऱ्हाड आणि रविवारी मिस्सेला निघालेली म्हातारी माणसे हे सर्व तिने वर्षानुवर्षे वाहिलेले असते. आणि एखाद्या पावसाळी रात्री प्रसूतीच्या वेदनांनी कासावीस झालेली घरची सून तिच्यातूनच दवाखान्यात न्यावी लागते, किंवा आजाऱ्याच्या अभ्यंगासाठी निघालेल्या धर्मगुरूंना तीच वाडीपर्यंत पोहोचविते. घरातील गाईम्हशींची जेवढी आस्था आपण बाळगतो, तिच्या निम्मी तरी ह्या मुक्या वाहनाच्या वाट्यास येते काय, हा प्रश्न आज ह्या सदरात वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

जीप रस्त्यात बंद पडली म्हणजे आपण रस्त्याला, पावसाला आणि नशिबाला बोल लावतो. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येईल की, ती बहुधा अंगणातच बंद पडलेली असते. घाटात आपल्याला त्याची वार्ता कळते एवढेच. पट्टा महिनाभर आधी चिरलेला असतो, बॅटरीच्या टोकावर पांढरी बुरशी दोन महिने साचत असते, ब्रेकचे तेल थेंबाथेंबाने घटत असते. ज्याने शनिवारी अर्धा तास वाकून पाहिले त्याला हे सारे दिसते. ज्याने पाहिले नाही त्याला ते मध्यरात्री, ओढ्याच्या काठी, अंगावर पाऊस घेत पाहावे लागते.

हे वाहन जन्मले ते युद्धाच्या गरजेतून. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याने चारही चाकांना ओढ असलेल्या एका हलक्या गाडीची मागणी केली. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने त्याच वर्षी तिचा पहिला नमुना उभा केला आणि पुढे युद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्ड ह्या कंपन्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रा अँड महिंद्रा ह्या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत १९५३ साली निघालेला सीजे-थ्री-बी हा नमुना आपल्याकडे दीर्घकाळ बनत राहिला. गॅरेजांतून त्यालाच ‘हाय बॉनेट’ म्हणतात. त्याचे बॉनेट उंच आहे ते शोभेसाठी नव्हे. आधीच्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हाल्व्ह बाजूला असत; नव्या इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घेणारे व्हाल्व्ह डोक्यावर बसविले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि तिच्यासाठी बॉनेटही उचलावे लागले. सैनिकाने रणांगणाच्या कडेला चार पाने घेऊन दुरुस्त करावी अशा हिशेबाने ह्या गाडीची रचना झाली असल्यामुळे तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. खेड्यातील माणसाला तिचा मोठा उपयोग आहे तो ह्याच गुणामुळे. आजच्या नव्या गाड्यांत दोष शोधण्यास संगणक लागतो. येथे कान, नाक, डोळे आणि बोटे पुरतात.

शनिवारचा अर्धा तास

आम्ही शनिवारची संध्याकाळ सुचवितो ती हेतुपूर्वक. रविवार हा प्रभूचा दिवस. मिस्सेची वेळ होत आली असताना बॉनेट उघडून बसणे आणि घरच्यांनी नवे कपडे घालून ओट्यावर ताटकळणे हे दृश्य शोभणारे नाही. शनिवारी काम आटोपले की रविवारी गाडीनेही निवांत चालावे आणि माणसांनीही.

इंजिन थंड असतानाच आरंभ करावा. प्रथम गाडीखालची जमीन पाहावी. रात्री एक जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र अंथरून ठेवले तर पडलेल्या थेंबांवरून पुष्कळ बोध होतो. काळसर थेंब इंजिनच्या तेलाचा. दाट, उग्र वासाचा थेंब गिअर ऑईलचा. पाण्याचा ओघळ रेडिएटरचा किंवा नळीचा. चाकाच्या आतल्या बाजूस ओल आढळली तर मात्र गाडी हलवू नये. ती ब्रेकच्या तेलाची असण्याचा संभव आहे, आणि त्याविषयी आम्ही पुढे स्वतंत्रपणे लिहिणारच आहोत.

त्यानंतर इंजिनचे तेल. सळई काढून पुसावी, पुन्हा घालून मग वाचावी. तेल कमी असेल तर भरावे. पण खुणेच्या वर भरू नये, कारण जादा तेलही बाधते. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून मिस्त्रीस दाखवावे. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये. आतील वाफ तोंडावर येते आणि तिने झालेली जखम माणूस जन्मभर वागवितो. विहिरीचे जड पाणी भरल्यास आत क्षारांचा थर साचतो आणि रेडिएटरच्या नळ्या हळूहळू बुजतात. शुद्ध केलेले पाणी व कूलंट वापरले तर हा त्रास टळतो. रेडिएटरच्या जाळीत गवताचे बी, किडे आणि चिखल अडकतो. तो इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेस सावकाश पाणी सोडून काढावा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. अर्धा इंच दबला तर ठीक. त्याच्या आतल्या अंगाला बारीक चिरा दिसल्या तर तो बदलावा आणि जुना पट्टा अडीअडचणीसाठी सीटखाली ठेवावा.

बॅटरीच्या टोकांवर साचलेली बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, सुकू द्यावी आणि त्यावर व्हॅसलीनचा हात फिरवावा. तारा काढताना चेसिसला जोडलेली तार प्रथम काढावी आणि लावताना ती शेवटी लावावी, म्हणजे पान्याचा स्पर्श होऊन ठिणगी उडत नाही. स्टार्टर कुंथू लागला की आपण बॅटरीलाच दोष देतो आणि नवी आणतो. पण पुष्कळदा दोष असतो तो इंजिन आणि चेसिस ह्यांना जोडणाऱ्या तारेच्या गंजलेल्या टोकाचा. ते टोक घासून स्वच्छ करण्यास सँडपेपरचा एक तुकडा पुरतो. नवी बॅटरी घेण्यापूर्वी तेवढा तुकडा अवश्य खर्चावा.

वंगण आणि धूळ

जीपच्या अंगावर ग्रीस घालण्याच्या बारीक टोप्या, म्हणजे निपल, ठिकठिकाणी असतात. पाट्यांच्या शॅकलला, स्टीअरिंगच्या सांध्यांना, आणि मागेपुढे जाणाऱ्या दोन्ही शाफ्टांच्या क्रॉसना. त्या किती व कोठे आहेत हे एकदा मिस्त्रीच्या शेजारी बसून मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे. कारण जी टोपी दिसत नाही तीच वर्षानुवर्षे कोरडी राहते. ग्रीसगन लावण्यापूर्वी टोपी फडक्याने पुसावी. न पुसता दाबल्यास ग्रीसपाठोपाठ मातीही आत जाते आणि वंगण म्हणून आपण झीजच भरतो. शॅकलमधून जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे स्वच्छ दिसू लागले की थांबावे. शाफ्टच्या क्रॉसवर मात्र बेताचा दाब द्यावा. पावसाळ्यात आणि ओढा ओलांडल्यावर हे काम अधिक वेळा करावे लागते, कारण पाणी सांध्यात शिरून वंगण धुऊन नेते.

पावसाळ्याचा शत्रू पाणी, तसा उन्हाळ्याचा शत्रू धूळ. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत आपल्या तांबड्या वाटांवर जी धूळ उडते ती इंजिनने जशीच्या तशी ओढली तर सिलिंडर आतून सँडपेपरने घासल्यासारखे झिजतात. ते टाळण्यासाठी ह्या जीपांत हवा गाळण्याचे तेलाचे भांडे असते. आत येणारी हवा तेलावरून जाते आणि धूळ तेलात बसते. महिन्याकाठी ते भांडे उघडून पाहिले तर तळाशी लाल गाळ आढळतो. भांडे रॉकेल किंवा डिझेलने धुवावे, कोरडे करावे आणि खुणेपर्यंत ताजे तेल भरावे. अर्ध्या तासाचे काम, पण इंजिनचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

पेट्रोलच्या जीपमध्ये पेट्रोल पंपाला काचेची एक लहान वाटी असते. तिच्या तळाशी पाणी किंवा कचरा बसलेला डोळ्यांना दिसतो. वाटी काढून पुसण्यास पाच मिनिटे लागतात. येथे एक नवी गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. २०२३ पासून आपल्या देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे त्याने फुगतात किंवा ठिसूळ होतात. म्हणून जुन्या नळ्या काढून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्यात आणि गाडी कित्येक आठवडे उभी राहावयाची असेल तर टाकी भरून ठेवू नये. ह्या जीपांची टाकी चालकाच्या आसनाखाली असते हे तर कधीच विसरू नये. पेट्रोल भरताना इंजिन बंद, चालक खाली उतरलेला आणि विडी-काडी दूर, हा नियम घरातील लहानथोर सर्वांना माहीत असावा. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची सवय काही जणांस असते. पेट्रोल फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतते. त्यासाठी हातपंप वापरावा.

प्लग काढून पाहिला तर तो इंजिनची प्रकृती सांगतो. टोकावर फिकट तपकिरी रंग असेल तर सर्व ठीक; कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जात आहे; तेलकट काळेपणा असेल तर रिंग किंवा व्हाल्व्हच्या वाटेने तेल वर येत आहे. ह्या इंजिनात प्लगची फट सुमारे तीस हजारांश इंच आणि डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची वीस हजारांश इंच ठेवतात. त्यासाठी मापाच्या पत्र्यांचे फिलर गेज मिळते ते घ्यावे, डोळ्यांच्या अंदाजावर राहू नये. पावसाळी सकाळी गाडी चालू होईना तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतील दमटपणा कोरड्या फडक्याने पुसावा. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. कित्येक जीपांत आता डिझेलचे इंजिन बसविलेले असते. त्यांच्या मालकांनी प्लगाऐवजी डिझेल फिल्टरकडे लक्ष द्यावे आणि तळाशी साठलेले पाणी नियमाने सोडावे.

चिखल, ओढा आणि चार चाके

चारही चाकांची ओढ ही जीपची खरी मिरास; पण तिचा उपयोग कोठे करावा ह्याविषयी गैरसमज आढळतो. ह्या जुन्या गाड्यांत पुढची आणि मागची चाके एकदा जोडली की ती एकाच गतीने फिरण्यास बांधली जातात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांहून लांबची वाट चालावी लागते. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरते आणि हा फरक आपोआप मिटतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. मग तो ताण टायर, शाफ्ट आणि गिअर ह्यांच्यावर येतो आणि लिव्हर अडकून बसतो. अशा वेळी हिसके न देता गाडी चार हात मागे घ्यावी, म्हणजे ताण उतरतो आणि लिव्हर सुटतो. म्हणून डांबरी रस्त्यावर दोन चाके आणि चिखलात चार, हा साधा नियम पाळावा. मात्र उन्हाळाभर पुढची ओढ मुळीच न वापरणे हेही बरे नव्हे. महिन्यातून एकदा मऊ मातीवर थोडे अंतर चारही चाकांनी चालवावी, म्हणजे तेल सर्वत्र फिरते आणि लिव्हर गंजत नाही.

ओढा ओलांडून आल्यावर ब्रेकचे ड्रम ओले असतात आणि पायाखाली ब्रेक असूनही नसल्यासारखा होतो. पलीकडे पोहोचताच सावकाश चालत पाय हलका दाबून धरावा, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने पाणी सुकते. पाणी खोल असेल तर डिफ्रन्शियलमध्ये शिरण्याचा संभव असतो. दुसऱ्या दिवशी तेथील बोल्ट खोलून थोडे तेल बोटावर घ्यावे, दुधाळ दिसल्यास सर्व बदलावे. गिअरपेटी आणि तिच्यामागची चार चाकांची पेटी ह्या दोहोंचे तेल वेगवेगळे तपासावे. जुन्या जीपांत त्यांच्यामधील सील झिजले की एकीतील तेल दुसरीत उतरते. एक भरलेली पाहून दुसरी कोरडी असल्याचे लक्षात येत नाही. पुढच्या चाकांच्या गोल सांध्यांवर नमद्याच्या पट्ट्या असतात, त्यांच्यातील चिखल त्याच दिवशी पुसावा. वाळला की तो कानशीसारखा घासतो. खताच्या गोण्या वाहिल्यानंतर फळी व पत्रा स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा, कारण सांडलेले खत ओलाव्याने पाझरते आणि पत्रा खाऊन टाकते.

ब्रेक आणि जॅक

आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टींत चूक झाली तर गाडी थांबते. ब्रेकच्या बाबतीत चूक झाली तर गाडी थांबत नाही. हा फरक वाचकांनी मनावर कोरून ठेवावा.

ह्या जुन्या जीपांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर आणि एकाच तेलावर चालतात. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. म्हणून मास्टर सिलिंडरमधील तेलाची पातळी दर शनिवारी पाहावीच पाहावी. तेल घटत असेल तर वरून भरून समाधान मानू नये. ते कोठून तरी जात आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत गाडी घाटात नेऊ नये. पायाखालचा ब्रेक स्पंजासारखा मऊ लागला तर आत हवा शिरलेली असते. पाय दाबून धरला असता हळूहळू खाली जात राहिला तर सिलिंडरचे रबर झिजलेले असते. ब्रेकच्या तेलाऐवजी इंजिनचे तेल चुकूनही घालू नये, त्याने आतील सर्व रबरे फुगतात. ब्रेकचे तेलही हवेतील ओलावा पिते. दोन वर्षांनी ते बदलावे. ड्रम उघडल्यास आतली धूळ तोंडाने किंवा हवेने फुंकू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक ठरली आहे. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके टाकून द्यावे.

जॅक लावताना एक गोष्ट अशी आहे की, जी माहीत नसल्याने प्राण जाऊ शकतो. पुष्कळ जुन्या जीपांचा हातब्रेक चाकांवर नसतो. तो मागच्या शाफ्टवर असतो. मागचे एक चाक उचलले की ते हवेत मोकळे फिरू शकते, आणि ते फिरू शकल्यामुळे जमिनीवरील दुसरे चाकही सुटते. हातब्रेक ओढलेला असूनही गाडी पुढे सरकते. म्हणून जॅकला हात लावण्यापूर्वी उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, जमीन सपाट पाहावी आणि जॅकखाली रुंद फळी ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. चेसिसखाली भक्कम घोडी ठेवल्यावाचून तर नाहीच नाही. अनेक जुन्या जीपांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात हेही ठाऊक असावे. नाही तर अंधारात माणूस सारी ताकद लावून नट सोडविण्याऐवजी आवळीत बसतो आणि शेवटी बोल्ट तोडतो.

स्वतःच्या हाताने काय करावे आणि काय करू नये ह्याची मर्यादा येथेच ठरते. तेल, पाणी, ग्रीस, पट्टा, प्लग, बॅटरी, टायरची हवा ही घरची कामे. ब्रेकचे सिलिंडर, स्टीअरिंगची पेटी, पुढच्या चाकांचे सांधे ही जाणत्या मिस्त्रीची. आपल्या हाताने दोष ओळखावा आणि त्याच्या हाताने तो निवारावा, ह्यात कमीपणा नाही.

हौस आणि गरज

जुन्या जीपला हौसेची बाधा लवकर होते. रुंद टायर, उंच उचललेले पाटे, डोळे दिपविणारे दिवे, कर्कश भोंगे ह्यांवर तरुण मंडळी पैसा खर्च करतात आणि ब्रेकच्या नळीचा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलतात. उंच केलेली गाडी वळणावर लवकर कलंडते. मोठ्या टायरांनी स्टीअरिंग आणि ब्रेक ह्यांवरील भार वाढतो. शिवाय १९८८ च्या मोटर वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाने नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्यापुढे दर पाच वर्षांनी. त्या वेळी वाहन धडधाकट असल्याचे दाखवावे लागते. ज्या घरी शनिवारची वही आहे, त्या घराला ह्या तपासणीची धास्ती वाटण्याचे कारण नाही.

काढलेले जुने तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. डब्यात साठवून ते गॅरेजात द्यावे. जे पाणी गुरे पितात आणि ज्या पाण्यावर भात पिकतो, ते आपणच नासवावे हे सृष्टीच्या धन्याला आवडणारे नाही.

आता धर्माच्या दृष्टीने दोन शब्द. नवी गाडी घरी आली की आपण धर्मगुरूंकडून तिला आशीर्वाद देववितो आणि पुढच्या काचेजवळ संत ख्रिस्तोफर ह्यांचे पदक लावतो. बालयेशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणाऱ्या ह्या संताची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. १९६९ साली ख्रिस्तसभेने पंचांगाची फेररचना केली तेव्हा त्यांचा सण जागतिक पंचांगातून काढून स्थानिक पंचांगांकडे सोपविला. त्यांचे संतपद काढून घेतले नाही. पदक अवश्य लावावे. परंतु पदक लावून ब्रेकचे तेल न पाहणे ही श्रद्धा नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने सुचविले तेव्हा प्रभू येशूने ती उडी नाकारली, हा शुभवर्तमानातील प्रसंग आपणांस ठाऊक आहे. झिजलेल्या ब्रेकनिशी, मागे सात माणसे बसवून, देवाच्या नावाने घाट उतरणे ही तीच उडी होय. आशीर्वाद हा निष्काळजीपणाचा विमा नव्हे. आपल्या हाती जेवढे आहे तेवढे करून उरलेले देवाच्या हाती द्यावे, हाच त्याचा अर्थ.

दहा कुमारिकांच्या दृष्टांतातही तेलाचीच गोष्ट आहे. मूर्ख कुमारिका काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी वेळेवर तेल घेतले नाही एवढेच. वर मध्यरात्री आला, आणि त्या वेळी तेल मिळविण्यास उशीर झाला होता. आपल्या वाडीवस्तीतही बोलावणे बहुधा मध्यरात्रीच येते. तेव्हा ज्याची जीप पहिल्या झटक्यात चालू होते, त्याच्या त्या शेजारधर्माचे पुण्य शनिवारीच जोडलेले असते. कोणी पाहत नसताना, हात काळे करून.

पोप पायस बारावे ह्यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामकरी संत जोसेफ ह्यांचा सण म्हणून नेमून दिला. नाझरेथच्या त्या सुताराच्या हाताशी प्रभू येशू स्वतः शिकला, ही गोष्ट प्रत्येक पित्याने आठवावी. आपल्या घरी शनिवारी बॉनेट उघडले की मुलांना हाक मारावी. मुलांना, आणि मुलींनाही. एकाने बत्ती धरावी, दुसरीने सळई वाचावी, तिसऱ्याने वहीत तारीख लिहावी. पाना कसा धरावा हे तर ती शिकतीलच. पण दुसऱ्याचा जीव ज्यावर अवलंबून आहे, त्या वस्तूकडे दुर्लक्ष करू नये हेही शिकतील, आणि हा धडा त्यांना शाळेच्या पुस्तकांपेक्षा अधिक काळ पुरेल.

येत्या शनिवारी एक साधी वही घ्यावी. तिच्या पहिल्या पानावर पाच ओळी लिहाव्यात: इंजिनचे तेल, रेडिएटरचे पाणी, ब्रेकचे तेल, पट्टा, टायरची हवा. प्रत्येक ओळीपुढे पाहिल्याची खूण करावी आणि मगच हात धुऊन संध्याकाळच्या जपमाळेस बसावे.